क्रूझला लस लागत नाही म्हणतात, पण भारतात परत येताना?

आलेला प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचं कुटुंब. वडील ६७ वर्षांचे, मधुमेह आणि बीपी. आई ६२, संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटची गोळी. सोबत लेक (प्रश्न तिचाच), जावई आणि पाच वर्षांचा नातू. जानेवारीअखेर ब्युनोस आयर्सहून जहाज पकडायचं, माँटेव्हिडिओ, सांतोस, इल्हा ग्रांदे असे थांबे घेत रिओला उतरायचं आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईचं विमान. क्रूझ कंपनीच्या सूचनांमध्ये 'लसीकरणाची सक्ती नाही' असं लिहिलंय. एजंट म्हणतो, "यलो फीवरचं एक इंजेक्शन असतं, निघायच्या दिवशी एअरपोर्टलाच घेऊन टाका." कोविडची टेस्ट लागते का? आणि जहाजावर चढताना जो फॉर्म भरून घेतात त्यात खोकला लिहिला तर उतरवून देतील का?

जहाजावर डॉक्टर म्हणून काही वर्षं काढलीत आणि आता दवाखान्यात परदेशी निघालेली माणसंच जास्त येतात, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

एजंटचं म्हणणं आधी मोडीत काढू. यलो फीवरच्या म्हणजे पीतज्वराच्या लसीचा दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. निघायच्या दिवशी टोचलीत तर सहल दहा दिवसांपेक्षा मोठी असेल तरच परतताना कार्ड, म्हणजे लसीचा तो पिवळा छापील दाखला, चालेल, आणि सहलीचे पहिले दिवस शरीराला संरक्षण नसेलच. शिवाय ती लस विमानतळावर चालता चालता मिळत नाही. त्याबद्दल पुढे सांगतोच.

आता क्रूझ कंपनीचं. कंपनी खोटं बोलत नाहीये. ती एवढंच सांगतेय की आमच्या जहाजावर चढायला आम्ही काही मागत नाही. ब्राझील आणि अर्जेंटिनासुद्धा भारतातून थेट येणाऱ्या पर्यटकाला या लसीसाठी दारात अडवत नाहीत. अडवतो तो आपला भारत, परत येताना. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत तुम्ही भारतात उतरलात आणि वैध दाखला नसेल, तर विमानतळाचा आरोग्य अधिकारी तुम्हाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतो. ठेवतातही. घरी जाऊन दार लावून बसतो म्हणालात तर चालत नाही, सरकारी विलगीकरण केंद्रातच राहावं लागतं. बऱ्याचदा गोष्ट तिथवरही जात नाही. रिओच्या काउंटरवर विमान कंपनीची मुलगी टायमॅटिक नावाच्या प्रणालीत भारताचा नियम बघते आणि बोर्डिंग पास देण्याआधी पिवळं कार्ड मागते.

आपण एवढे कडक का, हेही सांगतो, कारण ते कळलं की नियम पाठ करावा लागत नाही. पीतज्वर पसरवणारा एडीस इजिप्ती हा डास आपल्याकडे पाण्याच्या प्रत्येक पिंपात आहे. डेंग्यू पसरवणारा तो हाच. डास आहे, लोकांच्या अंगात या विषाणूविरुद्ध प्रतिकार नाही, आणि रोग मात्र आजवर या देशात शिरलेला नाही. एखाद्या आजारी प्रवाशाच्या रक्तातून तो इथल्या डासात उतरला तर काय होईल, या धास्तीपोटी १९५४ चे विमानांसाठीचे आणि १९५५ चे बंदरांसाठीचे आरोग्य नियम बनले. म्हणजे हा नियम तुमच्या जिवासाठी नाही, तुम्ही परत याल त्या गावासाठी आहे. त्यामुळे तो तुमच्या सहलीतला खरा धोका मोजत बसत नाही, देशाचं नाव बघतो.

याचं मासलेवाईक उदाहरण अंटार्क्टिकाचं. हल्ली पुण्या-मुंबईचे बरेच लोक तिकडे जातात. जहाज सुटतं अर्जेंटिनाच्या अगदी दक्षिण टोकाच्या उशुआइयाहून. तिथे उन्हाळ्यातही अंगात जाड जाकीट लागतं, पीतज्वराचा डास औषधालाही सापडणार नाही. पण अर्जेंटिना हा देश भारताच्या पीतज्वर-धोक्याच्या देशांच्या यादीत आहे, कारण त्याच्या ईशान्येच्या मिसिओनेस आणि कोरिएंतेस प्रांतांत धोका आहे. म्हणून पेंग्विन बघून आलेल्यालाही मुंबईत कार्ड दाखवावं लागतं. रुग्ण हे ऐकून हसतात, पण लस घेतात.

तुमच्या मार्गात अर्जेंटिना यादीत, उरुग्वे नाही, ब्राझील यादीत. तुमचा शेवटचा देश ब्राझील आणि दुसऱ्या दिवशी विमान, म्हणजे नियम सरळ लागू.

पण ब्राझीलच्या बाबतीत हे नुसतं कागदाचं काम नाही. २०१६ च्या अखेरीपासून २०१८ पर्यंत ब्राझीलच्या आग्नेय भागात पीतज्वराची मोठी साथ आली. मीनास जेराइस, साओ पाउलो, रिओ यांसारख्या राज्यांत मिळून दोन हजारांहून जास्त रुग्ण आणि सातशेच्या वर मृत्यू. तोवर किनाऱ्यालगतच्या या भागाला लस सुचवलीही जात नव्हती. २०१८ च्या सुरुवातीला परदेशी पर्यटकांत दहा रुग्ण नोंदले गेले, एकानेही लस घेतलेली नव्हती, चार जण दगावले. त्या दहांतले आठ जण एकाच बेटावर जाऊन आले होते, इल्हा ग्रांदेवर. तुमच्या जहाजाचा थांबा तोच. बेट सुंदर आहे, समुद्रकिनाऱ्याला लागूनच घनदाट जंगल, त्यात माकडं आणि झाडांच्या शेंड्यावर राहणारे डास. शहरी डास वेगळा, हा जंगलातला वेगळा. जहाजाची छोटी बोट तुम्हाला धक्क्यावर सोडते आणि लोक चपला घालून, उघड्या दंडांनी जंगलवाटेने पलीकडच्या किनाऱ्याकडे चालू लागतात. ज्याने लस घेतलेली नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो. मग क्रूझच्या माहितीपत्रकात काहीही लिहिलेलं असो.

लस कुठे मिळते? सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना, गोव्यात मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय, शिवाय काही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं. पूर्ण यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे असते आणि ती बदलत राहते, म्हणून ताजी बघा. कोपऱ्यावरच्या खासगी दवाखान्याने "आमच्याकडे पण आहे" म्हटलं तर ते केंद्र त्या यादीत आहे का हे आधी तपासा. नसेल तर लस अंगात जाईल, पण कार्ड विमानतळावर चालणार नाही. केंद्रांवर आधी वेळ घ्यावी लागते, आणि ठरलेल्या वारीच लस देतात. कारण साधं आहे. कुपीत एकापेक्षा जास्त डोस असतात, पावडरीत द्रावण मिसळलं की काही तासांत ती संपवावी लागते, नाहीतर फेकावी लागते. पुरेसे लोक जमवल्याशिवाय कुपी फोडत नाहीत. डिसेंबरात सुट्ट्यांची गर्दी असते आणि मध्येच साठा संपतो. तुमच्या हातात अजून वेळ आहे, तो नाताळापर्यंत घालवू नका.

जाताना मूळ पासपोर्ट न्या, आणि लस झाली की खुर्चीवरून उठायच्या आधी कार्ड वाचा. मी हे प्रत्येकाला बजावतो, कारण घोळ तिथेच होतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं की नवऱ्याचं, आडनाव माहेरचं की सासरचं, यात पासपोर्ट एक सांगतो आणि आधार दुसरंच. एका बाईंचं कार्ड आधार बघून सासरच्या आडनावाने भरलं गेलं होतं, पासपोर्ट मात्र लग्नाआधीचा. केंद्रावरच पाच मिनिटांत नवं करून मिळालं. हेच रिओच्या काउंटरवर लक्षात आलं असतं तर? तारखेत महिना आकड्यात नको, अक्षरात हवा. ७/८ म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै हे प्रत्येक देश आपापल्या पद्धतीने वाचतो. लसीच्या उत्पादकाचं नाव, बॅच क्रमांक, देणाऱ्याची सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का, सगळं असल्याची खात्री करा. तुमची स्वतःची सही राहिली असेल तर तीही करून टाका. हे मूळ कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं. मोबाइलमधला फोटो, कार्ड हरवलं तर नवं काढायला कामाला येतो, दाखवायला नाही. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली असली तरीही.

आता एकेकाचं बघू.

नातवाला लस द्यायला हरकत नाही. फक्त त्याची एमएमआर किंवा कांजिण्यांची लस राहिली असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. या तिन्ही जिवंत, म्हणजे दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूच्या लसी आहेत. एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर मध्ये चार आठवडे ठेवायचे. नोव्हेंबर-डिसेंबरात हे गणित बसतं, जानेवारीत बसत नाही.

तुम्ही दोघं तरुण आहात. अंड्याची जीवघेणी ॲलर्जी नसेल, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध नसेल आणि गरोदरपण नसेल तर सरळ घ्या. आम्लेट खाऊन काही होत नसेल तर अंड्याची काळजी नको. नंतर काही दिवसांनी थोडं अंग दुखणं, कणकण येणं चालतं. गरोदरपणाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, बऱ्याच मोठ्या क्रूझ कंपन्या प्रवास संपायच्या आत चोविसावा आठवडा लागणार असेल तर बाईला चढूच देत नाहीत. ही अट बुकिंगच्या बारीक अक्षरांत असते.

वडिलांचा मधुमेह आणि बीपी आड येत नाही. वय येतं. साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांत एक फार दुर्मीळ पण गंभीर त्रास तरुणांपेक्षा जास्त दिसतो. लसीतला विषाणूच यकृत-मूत्रपिंडांसारख्या अवयवांवर किंवा मेंदू-मज्जासंस्थेवर परिणाम करतो. लाखो डोसांमध्ये असे मोजकेच, पण असतात. म्हणून साठीच्या वर "टोचा आणि जा" असं मी करत नाही. दोन प्रश्न आधी विचारतो. कधी थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, तिचं ऑपरेशन किंवा मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायू दुबळे करणारा आजार झालाय का? असेल तर लस बाद. आणि नेमकं कुठे जाणार? कोणी फक्त उशुआइयाहून अंटार्क्टिकाला निघाला असेल तर त्याला प्रत्यक्ष फायदा शून्य, धोका थोडा, आणि लस केवळ दाखल्यासाठी. तिथे परतीचा मार्ग बदलता येतो का हे बघण्यात अर्थ असतो. तुमच्या वडिलांचं तसं नाही. रिओ आणि इल्हा ग्रांदे असताना तराजू लसीकडे झुकतो, निदान माझ्या हिशेबाने. साखर आटोक्यात असेल आणि बाकी तब्येत ठीक असेल तर घ्यावी. पण लस निदान महिनाभर आधी व्हावी, म्हणजे काही त्रास झालाच तर तो नाशिकमध्ये होईल, समुद्रात नाही.

आईंचा प्रश्न खरा अवघड. मेथोट्रेक्सेट प्रतिकारशक्ती दाबतं आणि ही लस जिवंत विषाणूची आहे. दोन्ही एकत्र नको. आणि कृपा करून सहलीसाठी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. सांधे भडकले तर जहाजाच्या जिन्यांवर काय हाल होतात ते मी पाहिलेत, आणि दोन-चार आठवडे गोळी सोडल्याने लस आपोआप सुरक्षित होते असंही नाही. ते फक्त त्यांच्या संधिवाततज्ज्ञांनी ठरवायचं.

लस देता येत नसेल तर केंद्रावरचा डॉक्टर 'वैद्यकीय कारणाने लस देता येत नाही' असा दाखला देतो. पिवळ्या कार्डातच त्यासाठी जागा असते. पण हा दाखला म्हणजे लसीचा दाखला नव्हे. तो मानायचा का, आणि मानूनही काही दिवस नजरेखाली ठेवायचं का, हा अधिकार उतरल्यावर भारतातल्या आरोग्य अधिकाऱ्याचा. त्यामुळे आईंनी सहा दिवस मुंबईत विलगीकरणात राहावं लागलं तर चालेल, एवढी मनाची आणि औषधांची तयारी ठेवूनच निघावं.

नाहीतर दुसरा रस्ता आहे, आणि तुमच्या बाबतीत तो सोपा आहे, कारण तुमचा भाऊ लंडनला असल्याचं तुम्ही लिहिलंय. नियम 'सहा दिवसांच्या आत' असा आहे. ब्राझील सोडल्यावर आई सात-आठ रात्री लंडनला राहिल्या आणि मग मुंबईला आल्या तर ही अट त्यांना लागू होत नाही. ब्रिटन हा दाखला मागत नाही. वाटेत दुबईला राहू, आखातात मावशी आहे, असं काही ठरवत असाल तर थांबा. आखातातल्या काही देशांची याच लसीची स्वतःची अट आहे, तिथे राहायचं असेल तर आधी तपासायलाच हवं. लंडनचा व्हिसा वेळेत काढा, रिओहून निघाल्याचा बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचा शिक्का जपून ठेवा. मुंबईत विचारलं तर दिवस मोजून दाखवता आले पाहिजेत. काही जहाजं मार्च-एप्रिलमध्ये ब्राझीलहून अटलांटिक ओलांडून युरोपात जातात. लस न चालणाऱ्या रुग्णांना मी तो मार्ग सुचवतो, कारण सहाहून जास्त दिवस पाण्यातच जातात. फक्त मध्ये डकारसारखा आफ्रिकेतला थांबा नाही ना, हे बघायचं, नाहीतर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

हे झालं कायद्याचं. तब्येतीचं वेगळं. कायदा लंडनने टळेल, इल्हा ग्रांदेचा डास टळणार नाही. आईंनी त्या दिवशी जहाजावरच राहावं. रिओ शहरातही पूर्ण बाह्यांचे कपडे आणि वीस ते तीस टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं मलम लावूनच फिरावं. ते मलम बाकीच्यांनीही लावा, कारण डेंग्यूला ही लस काही करत नाही आणि ब्राझीलमध्ये २०२४ या एका वर्षात डेंग्यूच्या संभाव्य रुग्णांचा आकडा साठ लाखांच्या वर गेला होता. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे तिकडचा पावसाळी उन्हाळा, डासांचा मोसम.

कोविडचं उत्तर छोटं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' हे क्रूझ जहाज अडकलं, ३,७११ जणांपैकी सातशेहून जास्त बाधित झाले, आणि त्यानंतर दोन-अडीच वर्षं क्रूझ म्हणजे चाचणी असंच समीकरण होतं. आपल्याकडेही जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया या क्रूझ जहाजावर ६६ जण पॉझिटिव्ह निघाले होते आणि जहाज मुरगावला थांबवून ठेवलं होतं. ते दिवस गेले. अमेरिकेने विमानाआधीची चाचणी जून २०२२ मध्ये काढली, जुलैत क्रूझसाठीचा स्वतंत्र कोविड कार्यक्रम बंद केला, भारताने परदेशातून येणाऱ्यांसाठीचा एअर सुविधा हा आरोग्याचा फॉर्म नोव्हेंबर २०२२ मध्ये थांबवला. आता बहुतेक कंपन्या ना चाचणी मागतात ना दाखला. मात्र तिकिटाच्या अटींत 'गरज वाटल्यास चाचणी करू' हा हक्क त्यांनी राखून ठेवलेला असतो आणि ताप-खोकला दिसला तर जहाजावरचा डॉक्टर नाकात काडी घालतोच. कोविनचं सर्टिफिकेट मोबाइलमध्ये असू द्या. बाहेरच्या लॅबमध्ये पैसे खर्चून आरटीपीसीआर करून जायची गरज नाही. एजंटने पॅकेजात 'कोविड टेस्ट चार्जेस' लावले असतील तर कशासाठी ते विचारा.

आता तुमचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, फॉर्मचा. चढायच्या आधी एक कागद किंवा ॲपवरची प्रश्नावली येते. गेल्या काही दिवसांत उलट्या, जुलाब, ताप, खोकला? सगळे 'नाही'वर टिक करतात. रांगेतला मागचा माणूस पुढच्याला तसं करायला शिकवतो, हे मी टेबलापलीकडून ऐकलेलं आहे.

'हो' लिहिलं की हाकलतात हा गैरसमज आहे. 'हो' लिहिलं की तुम्हाला बाजूला घेऊन नर्स किंवा डॉक्टर दोन मिनिटं बोलतो. वडिलांचा बीपीच्या गोळीने येणारा कोरडा खोकला असेल, आणि काही गोळ्यांनी तो येतोच, तर त्यांच्या डॉक्टरची दोन ओळींची चिठ्ठी पुरते. धुळीची ॲलर्जी, जुना दमा, तेच. ज्याला खरंच नाकारतात तो म्हणजे अंगात ताप असलेला किंवा आदल्या रात्री उलट्या-जुलाब झालेला. आणि त्यातलाही बराच भाग नाकारला जात नाही, केबिनमध्ये थांबवला जातो.

कंपन्या पोटाच्या त्रासाला इतक्या का घाबरतात? नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाबांचा झपाट्याने पसरणारा विषाणू. जहाजावर एकाने जेवणाच्या हॉलमध्ये उलटी केली की दोन दिवसांत वैद्यकीय कक्षाबाहेर रांग लागते. बाराएक तासांपासून दोन दिवसांपर्यंत याची सुप्तावस्था असते, म्हणून चढताना ठणठणीत वाटणारा माणूसही तो घेऊन येतो. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांवर तीन टक्के प्रवासी किंवा कर्मचारी आजारी पडले की अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था जहाजाच्या नावासकट ती साथ जाहीर करते. कोणत्याही कंपनीला ते नको असतं. मग आजारी माणसाला केबिनमध्ये ठेवतात, ट्रे दाराबाहेर येतो, चादरी-टॉवेल लाल पिशवीत वेगळे जातात आणि लक्षणं थांबल्यावर साधारण २४ ते ४८ तासांनी सुटका होते. बुफेतल्या सार्वजनिक चमच्यांना कर्मचारीच हात लावू लागले की समजावं, खाली माझ्यासारख्या कुणाची तरी झोप उडालेली आहे. दारातल्या सॅनिटायझरवर विसंबू नका. या विषाणूवर अल्कोहोलचा फारसा जोर चालत नाही, साबण-पाणीच लागतं.

लपवण्यात आणखी एक धोका आहे, तो पैशाचा. जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो. बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं, ते भरूनच उतरायचं आणि मग विमा कंपनीकडे मागायचं. चढताना फॉर्मवर 'खोकला नाही' आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरच्या नोंदीत 'चार दिवसांपासून खोकला', हे दोन कागद विमावाल्याच्या टेबलावर शेजारी शेजारी आले की काय होतं ते वेगळं सांगायला नको. वडिलांचा मधुमेह आणि आईंचा संधिवातही पॉलिसी घेतानाच लिहा. प्रीमियम वाढेल, वाढू द्या. आणि आजारी पडल्यास किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे का, तो आकडा शोधून वाचा. अंटार्क्टिकाच्या कंपन्या तर डॉक्टरच्या सहीचा तब्येतीचा फॉर्म आणि हा विमा असल्याशिवाय घेतच नाहीत.

सक्ती नसलेल्या पण मी देतो अशा लसी: फ्लूची सगळ्यांनी, निघण्याआधी निदान दोन आठवडे. उत्तर-दक्षिण दोन्ही गोलार्धांतले लोक एका छताखाली रोज जेवतात तिथे फ्लूचा ऋतू पंचांग बघून येत नाही. वडिलांना न्यूमोकोकल, म्हणजे न्यूमोनियाविरुद्धची. तुम्हा दोघांना टायफॉइड, आणि लहानपणापासून फिल्टरचं पाणी प्यायला असाल तर हिपॅटायटिस ए. आईंना फ्लू आणि न्यूमोकोकल चालतात, त्या जिवंत लसी नाहीत. तुमच्या किनारी मार्गावर मलेरियाच्या गोळ्या नकोत. तेच जहाज अमेझॉनमधून मानाउसला जाणारं असतं तर लिहून दिल्या असत्या.

प्रश्न वाचून इतर कुणी आपलं बघत असेल तर: मुंबई-गोवा-कोची-लक्षद्वीप किंवा सिंगापूरहून निघणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझला भारतीयांना सध्या कोणतीही लस लागत नाही. सिंगापूरला पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं, त्यात आरोग्याची माहिती असते, बस. भूमध्य समुद्र, अलास्का, नॉर्वे, तिथेही काही नाही. कॅरिबियनला मात्र सावध. अमेरिकेत मुलांकडे गेलेले आईबाबा मायामीहून जी क्रूझ घेतात तिचा एखादा थांबा कोलंबियाच्या कार्ताहेनाला, पनामाला किंवा त्रिनिदादला असतो. ही तिन्ही नावं भारताच्या यादीत आहेत. नंतर महिनाभर मुलाकडे राहणार असतील तर प्रश्न नाही. क्रूझ संपवून तिसऱ्या दिवशी भारतात येणार असतील तर आहे. मोंबासाचंही तेच, केनिया यादीत आहे. इथिओपियन एअरलाइन्सने आदिस अबाबामार्गे येणाऱ्यांनी विमानतळाबाहेर पाऊल टाकू नये. आत राहून नुसतं विमान बदललेल्याला आरोग्य अधिकारी सूट देऊ शकतो, पण एअरलाइनने रात्रीसाठी शहरातलं हॉटेल दिलं आणि तुम्ही गेलात की ती सूट गेली. जहाजाने थेट भारतात येणार असाल तर नियम जहाजाचा मागच्या ३० दिवसांचा मार्गही बघतो.

तुमच्याकडे परत येतो. क्रमाने आधी आईंच्या संधिवाततज्ज्ञांना फोन करा, कारण त्यांच्या उत्तरावर परतीचं तिकीट ठरणार आहे आणि क्रूझचे उरलेले पैसे भरायची तारीख बहुधा डोक्यावर असेल. ती उलटली की रद्द करण्याचा भुर्दंड मोठा असतो. त्यानंतर लसीकरण केंद्राची वेळ. वडिलांचं इन्सुलिन चालू असेल तर ते आणि सगळ्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा. धक्क्यावर दिलेल्या मोठ्या बॅगा केबिनच्या दारात यायला कधीकधी रात्र होते. केबिनमधला छोटा फ्रिज पुरेसा थंड असेलच असं नाही, म्हणून बुकिंग करतानाच औषधांसाठी वेगळा फ्रिज मागून घ्या, बहुतेक जहाजं तो पैसे न घेता देतात.